जुनी .२२ रायफल: नळी राहू द्या, दस्ता अंगाला बसवा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांची जुनी .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे दर वेळी बोल्ट (मागचा दांडा) हाताने ओढून काडतूस भरायची, रीतसर तुमच्या परवान्यावर आली. रेंजवर ५० मीटरला दहा राउंडचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा, ६० मिलिमीटरच्या आत येत नाही. हाताशी चाळीस हजार रुपये आहेत आणि छंद म्हणून तिची ‘मॅच रायफल’ करायची आहे. नळी चार इंच कापायची, ट्रिगर हलका करायचा, दुर्बीण बसवायची, दस्ता (रायफलचं लाकडी अंग) नवा करायचा. आधी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर सरळ आहे. दस्ता आधी. नळी कधीच नाही. ट्रिगर दुसऱ्याच्या हातून, आणि तोही शेवटी. पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. ते ६० मिलिमीटर कुठून येतात, हे तुम्हाला अजून माहीत नाही. रायफलमुळे, काडतुसामुळे, की तुम्ही आणि रायफल यांचं अजून जुळलेलं नाही म्हणून? हे न कळता खर्च केला तर रायफल वेगळी दिसेल, ग्रुप तेवढाच राहील. बावीस वर्षं नागपुरात मुलांना रायफल शिकवताना आणि त्यांच्या दस्त्यांवर काम करताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की खर्चाचं बोलण्याआधी त्यावर बोलणं भाग आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुमची उंची, मानेची लांबी, तुम्ही प्रोन (पालथं झोपून) मारता की उभ्याने, रायफलची बनावट काय, वर दुर्बिणीसाठी ११ मिलिमीटरची खाच आहे का, नळीची आतली अवस्था कशी आहे, यावर माझे काही आकडे बदलतील. क्रम मात्र बदलणार नाही.

आता कायदा, कारण याच ठिकाणी हौशी माणूस अडकतो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ६ प्रमाणे त्यासाठीचा वेगळा परवाना नसताना बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. बाळगण्याचा परवाना तुमच्याकडे आहे. तो कापण्याचा परवाना नव्हे. दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याखालीच चालतो. रायफलवरचा नंबर, नाव, खूण घासणं किंवा बदलणं हाही गुन्हाच, त्यामुळे ‘नवं पॉलिश’ किंवा नवं ब्ल्युइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) करताना नंबराच्या जागेवर पॉलिश पेपर फिरवू नका. मी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली आहे. नळी, चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग), बोल्ट आणि ट्रिगर हे परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे जातं, पावतीसकट. लाकूड, गालाची पट्टी, बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी), स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) आणि फक्त स्क्रूने आवळून बसणारी साइट एवढंच घरच्या टेबलावर. शंका आली तर नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. शहराबाहेर राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात.

कायदा बाजूला ठेवला तरी नळी कापून तुम्हाला काही मिळणार नाही. .२२ लाँग रायफल काडतुसात दारू इतकी थोडी असते की तिचं काम नळीच्या पहिल्या पंधरा-सोळा इंचांतच उरकतं. कापल्याने वेगात फारसा फरक पडत नाही. पण चार इंच गेले की माशी (पुढची साइट) मागच्या साइटच्या तेवढी जवळ येते, आणि नेमाची चूक मोठी होते. हिशेब करून बघा. दोन साइटमध्ये ७० सेंटिमीटर अंतर असेल आणि मागची साइट पाव मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे १८ मिलिमीटर सरकते. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. अंतर ६० सेंटिमीटरवर आणलंत तर तीच पाव मिलिमीटर चूक २१ मिलिमीटरची होईल. शिवाय नळीचं तोंड, ज्याला आपण क्राउन म्हणतो, ते कारखान्यात काटकोनात आणि एकसारखं कापलेलं असतं. गोळी नळी सोडते तेव्हा तिला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो. ती कड करवतीने पुन्हा तशी होत नाही.

मग सुरुवात कुठून? पहिल्या आठवड्यात एक रुपयाही खर्च करू नका. बोल्ट काढा, खोलीत एकही काडतूस नाही याची खात्री करा, आणि दस्त्याचे दोन्ही मुख्य स्क्रू तपासा. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या रायफलींमध्ये पुढचा स्क्रू सैल असतो, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण आहे. लाकूड सुकतं, आकसतं, स्क्रू तिथेच राहतो. जुन्या लाकडी दस्त्यावर मी टॉर्क स्क्रूड्रायव्हरने २ ते अडीच न्यूटन-मीटरपासून सुरू करतो, आणि जो आकडा ठरेल तो वहीत लिहितो. आकडा कोणता, यापेक्षा तो दर वेळी तोच असणं महत्त्वाचं. साइटचे स्क्रूही असेच बघा.

मग क्राउन बघा. कानात घालायची कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हळूच बाहेर ओढा. एकाच जागी कापूस अडकत असेल तर तिथे ओरखडा आहे. जुन्या रायफलीत तो बहुतेक सफाईच्या लोखंडी गजाने पडलेला असतो, कारण पूर्वी अनेकजण तोंडाकडून गज घालायचे. तुम्ही मागून, बोल्टच्या बाजूने, प्लॅस्टिकचं आवरण असलेला गज घाला. शिशाच्या गोळीच्या नळीला रोज रगडण्याची गरजच नसते. चेंबरच्या पुढच्या टोकाला राखेचं कडं जमतं, ते काढणं पुरे. एक लक्षात ठेवा, सफाईनंतरचे पहिले दहा-पंधरा राउंड ग्रुपमध्ये मोजू नका. गोळीवरचं मेण नळीत पुन्हा पसरायला तेवढे लागतातच.

बोल्ट बसवून रिकामा ट्रिगर दाबायची सवय असेल तर ती थांबवा. रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला तळाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवर मारते. काडतूस नसेल तर जुन्या रायफलीत ती चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पाडू शकते. .२२ची प्लॅस्टिकची सराव-काडतुसं मिळतात, ती वापरा.

आणि पहिल्या आठवड्यातलं शेवटचं काम. रेंजवरच्या एखाद्या मुरलेल्या नेमबाजाला, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, तुमची रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून दहा राउंड मारायला सांगा. त्यांचा ग्रुप ३० मिलिमीटरचा आला तर रायफल ठीक आहे, तुमचं तिच्याशी जुळायचं आहे. त्यांचाही ६०चा आला तर पुढे काडतूस बघायचं. पाच राउंडांच्या एका सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नका. पाच राउंड कधीकधी नशिबाने जवळ पडतात. दहाचे तीन ग्रुप काढा.

काडतुसावर थोडं थांबतो, कारण चाळीस हजारांतला मोठा वाटा मी तुम्हाला इथेच घालायला सांगणार आहे. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही नळीला एक आवडतो आणि दुसरा नाही. का, हे बाहेरून सांगता येत नाही. मारून बघावं लागतं. परवान्यावर जेवढा कोटा आहे त्यात तीन-चार प्रकार थोडे थोडे घ्या, आपल्या आयुध निर्माणीचंही त्यात असू द्या, आणि जो चालेल त्याच लॉटचं पुढचं वर्षभराचं एकदम घ्या. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं घेऊ नका. मॅचची गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच. जलद गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते आणि वाटेत त्या वेगाच्या खाली उतरते, उतरताना डगमगते. आपल्या नागपूरचा इथे थेट संबंध आहे. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना आवाजाचा वेग ३३७ मीटर असतो, मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांना ३५७. म्हणजे थंडीत मॅचच्या गोळीला मोकळी जागा फार थोडी उरते. आणि उन्हाळ्यात काडतुसाचा डबा बंद गाडीत राहिला तर गोळीवरचं मेण वितळतं, एका बाजूला जमतं, आणि त्या डब्यातून परत कधी ग्रुप येत नाही. डबा थर्माकोलच्या पेटीत न्या, बर्फ घालू नका.

इथवरचं एकदा सांगतो: स्क्रू, क्राउन, दुसऱ्याच्या हातून दहा राउंड, मग काडतूस. एवढं झाल्यावर लाकडाला हात लावा.

मी लाकडाबद्दल जे शिकलो ते एका पावसाळ्यात शिकलो. एका विद्यार्थ्याची रायफल माझ्याकडे होती. मे महिना, हवा कोरडी ठणठणीत. मी दस्त्याच्या खाचेत नळीला लागणारं लाकूड पॉलिश पेपरने काढलं. नळी आणि दस्त्यामधून कागद फिरत होता, मी समाधानी होतो. मुलाचे ग्रुप जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छान आले. पाऊस सुरू झाला आणि त्याच्या गोळ्या उजवीकडे सरकायला लागल्या. तो रोज साइट फिरवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुलैत जिल्ह्याची स्पर्धा होती, तीत त्याचे गुण गेले. मुलाने स्वतःलाच दोष दिला, आणि मीही त्याला ‘ट्रिगर ओढतोस’ म्हणून सांगत राहिलो. नंतर रायफल उघडली तर दस्त्याची डावी कड फुगून नळीला चिकटलेली, लाकडावर चकाकणारा डाग. चूक त्याची नव्हती, माझी होती. मी मे महिन्याच्या लाकडाचं माप घेतलं होतं. त्या मुलाची मी माफी मागितली.

तेव्हापासून मी नळीभोवती निदान दोन-तीन घड्या घातलेली नोट सहज फिरेल एवढी फट ठेवतो, आणि खाचेच्या आत उघडं लाकूड कधीच सोडत नाही. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आतून कोरं लाकूड, असे दस्ते मी खूप पाहिलेत. ओलावा आतूनच जातो. आतल्या बाजूला, बटप्लेटच्या मागे, स्क्रूच्या भोकात, सगळीकडे तेलाचा हात द्या. आपल्याकडे जवसाचं तेल चांगलं मिळतं; पण खायचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं. रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड लिन्सीड घ्या, पातळ हात द्या, पुसून घ्या, एक दिवस थांबा, पुन्हा. असे सहा-सात हात. आणि एक कळकळीचं सांगणं: तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

बेडिंग, म्हणजे अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) जिथे लाकडावर टेकते तिथे इपॉक्सीचा घट्ट साचा करणं, हे तुम्ही घरी करू शकाल. फक्त घाई करू नका. अ‍ॅक्शनला मेणाच्या पॉलिशचे दोन हात द्या, स्क्रूची भोकं आणि प्रत्येक खोबण मुलांच्या खेळण्याच्या मातीने बुजवा. पाच मिनिटांत वाळणारं नव्हे, सावकाश वाळणारं इपॉक्सी घ्या. खोबण बुजवायची राहिली तर इपॉक्सी त्यात शिरून अ‍ॅक्शन दस्त्यात कायमची अडकते. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, दुपारच्या उष्णतेत मिश्रण हातातच घट्ट व्हायला लागतं. रात्रभर ठेवा, सकाळी काढा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. रायफल तुमच्या अंगाला बसवणं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायचं) कांस्य जिंकणारा आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात उतरतो, त्या रायफलींकडे नीट पाहा. नळी साधी, सरळ, स्थिर. हलतं ते भोवतीचं: गालाची पट्टी वर-खाली, बटप्लेट मागे-पुढे, हाताचा टेका, मूठ. सगळे पैसे माणसाला रायफलीशी जुळवण्यात घातलेले आहेत. तुमच्या जुन्या दस्त्यावर हेच आपण साध्या लाकडात करणार.

बोल्ट काढून, शूटिंग जॅकेट घालूनच बसा. जॅकेटची जाडी लांबीत धरायची असते. घरच्या शर्टावर घेतलेलं माप रेंजवर चुकतं. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, मान सैल सोडून गाल दस्त्यावर टेकवा. डोळे उघडा. साइटच्या मधोमध दिसलं तर उंची बरोबर. दिसत नसेल आणि तुम्ही मान उचलून नेम जुळवत असाल, तर तुमच्या ६० मिलिमीटरमधला मोठा भाग तिथेच आहे, कारण उचललेली मान दर राउंडला वेगळ्या उंचीवर थांबते. जुन्या शिकारी दस्त्यांची गालाची जागा खालच्या उघड्या साइटसाठी कोरलेली असते. पीप (बारीक भोकातून बघायची मागची साइट) किंवा दुर्बीण वर बसली की तिथे पंधरा-वीस मिलिमीटर कमी पडतातच. पुठ्ठ्याचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे आणि इलेक्ट्रिशियनची टेप लावून वाढवत जा. असं महिनाभर वापरा. दिसायला ओबडधोबड, पण याच पुठ्ठ्यावर तुमचं खरं माप उतरणार आहे.

लांबीसाठी पुस्तकी मापांत अडकू नका. उभ्याने धरल्यावर नाक आणि मुठीवरचा अंगठा यांत साधारण दोन बोटं अंतर, आणि ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर काटकोनात यावं. प्रोनला वेगळी लांबी लागेल, म्हणून बटप्लेटमागे घालण्याच्या पाच-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या करून ठेवा. माप पक्कं झालं की लकडगंजच्या लाकूड बाजारात जाऊन सागवानाचा वाळलेला, सरळ रेषेचा तुकडा घ्या. ओला घेऊ नका. सागवानात तेल असतं. चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसलं नाही तर इपॉक्सी सुटतं. गालाची पट्टी दोन लांब स्क्रूंवर बसवली तर वर-खाली करता येते. अखंड नवा दस्ता कोरायचा असेल तर अक्रोडाचं लाकूड घ्या. सागवान पट्टीला चांगलं, पण रेषेवर चिरतं म्हणून मुठीच्या बारीक मानेला मला ते पसंत नाही.

दुर्बिणीचा मोह कळतो मला. तुम्हाला स्पर्धेत जायचं असेल तर ५० मीटर रायफलला दुर्बीण चालत नाही, पीपच लागते. फक्त छंद असेल तर दुर्बीण जरूर घ्या. माझा कल पीपकडे आहे. पुढच्या साइटमधल्या गोल कड्याचा आकार मात्र मोठा ठेवा. लक्ष्याचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा. डोळ्यापासून ८५ सेंटिमीटरवरच्या कड्यात तो जेमतेम १.९ मिलिमीटरचा दिसतो. नवखा माणूस कडं त्याला घट्ट बसेल असं निवडतो आणि मग पांढरी फट दिसत नाही, डोळा थकतो. ३.४ मिलिमीटरच्या आसपासचं कडं लावून सुरुवात करा.

ट्रिगरबद्दल मी कठोर आहे. ज्या पृष्ठभागावर ट्रिगर अडकलेला असतो त्याचा कठीण थर फार पातळ असतो. कानसीचे दोन हात बसले की थर संपतो, आणि काही शे राउंडांनंतर रायफल धक्क्याने आपोआप सुटू शकते. शेजारच्या लेनमध्ये पंधरा वर्षांची मुलं पालथी पडून नेम धरत असतात. हे काम परवानाधारकाकडेच द्या, आणि तेही दस्ता बसल्यावर. अनेकांना मग ट्रिगर जड वाटेनासा होतो, कारण मूठ बरोबर जागी आलेली असते.

ठेवण्याचंही बघा. कूलर लागलेल्या खोलीत रायफल ठेवू नका. मे महिन्यातसुद्धा तिथे लोखंड गंजतं. कुलूपबंद कपाट, सिलिका जेलच्या पिशव्या, काडतुसं वेगळ्या कुलपात.

चाळीस हजारांपैकी निम्मे काडतुसांना आणि रेंजच्या फीला ठेवा. उरलेल्यात पीप साइट, स्लिंग, टॉर्क स्क्रूड्रायव्हर, लाकूड आणि इपॉक्सी बसवायचं. एखादी गोष्ट बसत नसेल तर नवी पीप पुढच्या वर्षी घ्या, काडतुसं कमी करू नका.

आजच्या तारखेचं, काहीही न बदललेलं लक्ष्य जपून ठेवा आणि त्यावर स्क्रूचा टॉर्क, काडतुसाचा लॉट, हवेचं तापमान लिहा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दहाचे तीन ग्रुप. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर चार-पाच दिवसांनी नळीखालून नोट पुन्हा फिरवून बघा. अडकली तर दस्ता उघडून चकाकणारा डाग कुठल्या बाजूला आहे ते मला कळवा, कुठून किती लाकूड काढायचं ते तेव्हा सांगतो.